ल्यूथरचा ‘केवळ’ : एका शब्दाच्या समर्थनाची चिकित्सा

१

मनुष्य देवापुढे निर्दोष म्हणून उभा राहतो तो स्वतःच्या सत्कर्मांच्या बळावर, की देवावर टाकलेल्या विश्वासाच्या आधारावर, हा ख्रिस्ती धर्मविचारातील मूलभूत प्रश्न होय. सोळाव्या शतकात पश्चिम युरोपातील ख्रिस्तमंडळी ज्या प्रश्नांवरून दुभंगली त्यांत याचे स्थान अग्रभागी होते. या वादाचा इतिहास बहुधा धर्मशास्त्राच्या अंगाने सांगितला जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि त्या वादाचा एक महत्त्वाचा भाग एका शब्दाभोवती, तोही मूळ ग्रंथात नसलेल्या शब्दाभोवती, लढला गेला. म्हणून भाषेच्या अभ्यासकानेही त्याकडे पाहणे अगत्याचे ठरते.

मार्टिन ल्यूथरने केलेले नव्या कराराचे जर्मन भाषांतर इ. स. १५२२ च्या सप्टेंबरात विटेनबर्ग येथे प्रसिद्ध झाले. पौलाच्या रोमकरांस पत्रातील ३:२८ या वचनात त्याने ‘आल्लाइन’, म्हणजे ‘केवळ’, हा शब्द घातला. मनुष्याच्या नीतिमान ठरण्याला विश्वास हे साधन आहे, नियमशास्त्राने सांगितलेली कर्मे ते साधन नव्हेत, असा त्या वचनाचा आशय आहे. मूळ ग्रीक वचनात ‘केवळ’ या अर्थाचा शब्द नाही. लॅटिन भाषांतरातही नाही. पोपच्या पक्षातील टीकाकारांनी यावर अर्थातच बोट ठेवले. देवाच्या वचनात माणसाने भर घातली, असा त्यांचा आक्षेप होता. इ. स. १५३० मध्ये, आउग्सबुर्ग येथे साम्राज्यसभा भरलेली असता, कोबुर्गच्या किल्ल्यात राहिलेल्या ल्यूथरने या आक्षेपाला एका खुल्या पत्राने उत्तर दिले. ‘भाषांतराविषयीचे पत्र’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. भाषांतरमीमांसेच्या इतिहासात या पत्राला मानाचे स्थान मिळाले आहे. परंतु त्यातील युक्तिवाद काटेकोरपणे तपासून पाहण्याऐवजी त्यातील झणझणीत वाक्यांचेच कौतुक अधिक झाले आहे. तो युक्तिवाद जे सिद्ध करू पाहतो ते खरोखर सिद्ध करतो काय, एवढाच येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

२

ल्यूथरच्या उत्तराचे दोन भाग पडतात. पहिला भाग शुद्ध भाषिक आहे. मूळात तो शब्द नाही हे आपल्याला ठाऊक आहे, असे तो प्रारंभीच मान्य करतो. परंतु त्याचे म्हणणे असे, की दोन गोष्टींपैकी एकीचे विधान आणि दुसरीचा निषेध करावयाचा असला म्हणजे जर्मन भाषेत विधानाच्या बाजूला ‘आल्लाइन’ घालण्याची रीत आहे. शेतकरी केवळ धान्य आणतो, पैसा आणीत नाही, अशा स्वरूपाची साधी उदाहरणे तो पुढे करतो. निषेधदर्शक शब्दाने अर्थ निघत असला तरी ‘आल्लाइन’मुळे तो स्पष्ट व पूर्ण होतो. जर्मन कसे बोलावे हे लॅटिन अक्षरांना विचारावयाचे नसते. ते घरातल्या आईला, गल्लीतल्या मुलांना आणि बाजारातल्या सामान्य माणसाला विचारावयाचे असते, हा त्याचा सुप्रसिद्ध निकष याच ठिकाणी येतो.

दुसरा भाग आशयासंबंधी आहे. आपण केवळ भाषेच्या स्वभावावर विसंबलो नाही, तर पौलाचा अभिप्रायच हा शब्द मागतो, असे ल्यूथर बजावतो. विश्वासानेच नीतिमान ठरतो असे म्हणणारे आपण पहिले नव्हे, आंब्रोस, ऑगस्टीन इत्यादी आचार्यांनी तसे पूर्वीच म्हटले आहे, असाही दाखला तो देतो. हा दाखला पोकळ नाही. जोसेफ फिट्झमायर या कॅथलिक विद्वानाने इ. स. १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रोमकरांस पत्रावरील भाष्यात ‘केवळ’ हा शब्द वापरणाऱ्या ल्यूथरपूर्व लेखकांची मोठी नामावळी दिली आहे; तीत थॉमस अक्वायनसचेही नाव आहे.

३

आता पहिल्या भागाची परीक्षा. यासाठी युरोपात जाण्यापूर्वी भारतीय परंपरेतील एका विश्लेषणाची मदत घेणे सोयीचे होईल. ‘एव’ या निपाताने नेमके काय वगळले जाते, याची चर्चा सातव्या शतकातील धर्मकीर्तीने केली आणि पुढे नैयायिकांनी ती आपलीशी केली. विशेषणापाशी ‘एव’ आला की अयोगाचा व्यवच्छेद होतो : शंख पांढराच असतो, म्हणजे पांढरेपणाशिवाय तो राहत नाही. विशेष्यापाशी आला की अन्ययोगाचा व्यवच्छेद होतो : पार्थच धनुर्धर, म्हणजे धनुर्धरत्वाचा अन्यांशी योग नाही. क्रियापदापाशी आला की अत्यंतायोगाचा व्यवच्छेद होतो : कमळ निळे असतेच, म्हणजे ते कधीच निळे नसते असे नव्हे. मराठीचा ‘च’ हीच तीन कामे जागा बदलून करतो. ‘विश्वासानेच ठरतो’ आणि ‘विश्वासाने ठरतोच’ यांतील अंतर कोणत्याही मराठी भाषकाला सांगावे लागत नाही.

ल्यूथरचा ‘आल्लाइन’ हा उघडच अन्ययोगव्यवच्छेदाचा आहे. परंतु या प्रकारात खरा प्रश्न पुढेच उभा राहतो : ‘अन्य’ म्हणजे कोण? पार्थच धनुर्धर असे म्हटल्याने जगात दुसऱ्या कोणी धनुष्य हाती धरले नाही असा अर्थ होत नाही. त्याच्या तोडीचा दुसरा नाही, एवढाच अर्थ होतो. वगळावयाचा वर्ग वक्त्याचा अभिप्राय आणि श्रोत्याची शंका यांवरून ठरतो; निपात स्वतः तो ठरवीत नाही.

मराठी उदाहरण घ्यावे. ‘रोगी औषधानेच बरा झाला, मंत्रतंत्राने नव्हे’ या वाक्यात पथ्य किंवा विश्रांती यांचा निषेध नाही. येथे वर्ग दोहोंचा, बंदिस्त आहे. ‘च’ काढून टाकला तरी अर्थाची हानी होत नाही, फार तर जोर कमी होतो. ‘रोगी केवळ औषधाने बरा झाला’ या वाक्यात मात्र वर्ग मोकळा आहे. पथ्य, विश्रांती, शुश्रूषा हे सर्व त्यातून बाहेर पडते. शब्द एकाच जातीचे. पण पहिल्या वाक्यात तो अलंकार आहे, दुसऱ्यात तो विधानाचा कणा आहे.

या दृष्टीने पाहता ल्यूथरने दिलेली उदाहरणे सर्वस्वी पहिल्या प्रकारची आहेत. धान्य आणि पैसा या दोनच वस्तूंचा तेथे विचार आहे. एकीचा निषेध उघड शब्दांत आलाच आहे. अशा ठिकाणी ‘आल्लाइन’ घालणे हे जर्मन वाग्रीतीला धरून आहे आणि त्याने अर्थात भर पडत नाही, हे त्याचे म्हणणे मान्य करावे लागते. परंतु तेच समर्थन रोमकरांस ३:२८ ला लागू करावयाचे तर तेथेही वर्ग बंदिस्त आहे असे धरावे लागेल : एका बाजूस विश्वास, दुसऱ्या बाजूस नियमशास्त्रातील कर्मे, तिसरे काही नाही. तसे धरले की शब्द निरुपद्रवी ठरतो. आणि तो निरुपद्रवी ठरला की प्रीती, आशा, पश्चात्ताप यांपैकी कशाचेही निराकरण त्यातून करता येत नाही. उलट, ल्यूथरपक्षाच्या सिद्धान्ताला लागणारे व्यापक निराकरण हवे असेल तर वर्ग मोकळा मानावा लागतो. आणि मग व्याकरणाचा नियम त्याच्या पाठीशी राहत नाही. म्हणजे पत्रातील भाषिक युक्तिवाद खरा असला तरी त्याने जे सिद्ध होते ते ल्यूथरला हवे त्याहून कमी आहे.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रीक भाषेत ‘केवळ’ या अर्थाचा ‘मोनोन’ हा शब्द आहे आणि पौलाने तो लगेच पुढच्याच वचनात, ३:२९ मध्ये, योजला आहे. देव केवळ यहुद्यांचाच आहे काय, असा प्रश्न तेथे तो विचारतो. ल्यूथरच्या जर्मन पाठात त्यामुळे लागोपाठच्या दोन वचनांत दोन ‘आल्लाइन’ येतात. पहिला ल्यूथरचा, दुसरा पौलाचा. पौलाला शब्द सुचला नाही असे म्हणण्यास जागा नाही. दुसरीकडे, गलतीकरांस २:१६ मध्ये ‘वाचून’, ‘खेरीज’ अशा अर्थाची ग्रीक पदरचना आहे, तिच्यातून व्यवच्छेद सूचित होतो, हेही विसरता येत नाही. आणि नव्या करारात ‘मोनोन’ हा शब्द विश्वास व नीतिमान ठरणे यांच्या जोडीने जेथे उघडपणे येतो ते स्थळ याकोबाच्या पत्रातील २:२४ हे होय. तेथे मात्र तो नकारार्थी वाक्यात आहे. केवळ विश्वास पुरेसा नाही, असे याकोब म्हणतो. इ. स. १५२२ च्या प्रस्तावनेत ल्यूथरने या पत्राची संभावना गवताच्या काडीसारखे पत्र अशी केली, यामागे ही अडचण होती.

४

बंदिस्त वर्गातील दुसरे पद, ‘नियमशास्त्रातील कर्मे’, याचा अर्थही विसाव्या शतकात पुन्हा वादग्रस्त झाला. क्रिस्टर स्टेंडाल याने इ. स. १९६३ मधील निबंधात असे दाखविले, की स्वतःच्या पापाने व्याकुळ झालेले, आत्मपरीक्षणाने पोळलेले मन हे पश्चिमेने पौलावर लादले. पौलापुढील प्रश्न यहुदी आणि परराष्ट्रीय यांना एकत्र कसे आणावे हा होता. इ. पी. सँडर्स याने इ. स. १९७७ च्या ग्रंथात तत्कालीन यहुदी धर्म हा पुण्याचा हिशेब मांडणारा धर्म होता ही समजूत खोडून काढली. त्याच्या मते करारात प्रवेश देवाच्या कृपेनेच होता. नियमपालन हे त्या करारात राहण्याचे लक्षण होते. जेम्स डन याने या आधारावर सुंता, खाद्याखाद्यविचार, शब्बाथ यांसारख्या यहुद्यांना इतरांपासून वेगळे करणाऱ्या आचारांवर भर दिला. ३:२९ मधील पौलाचा ‘मोनोन’ या अर्थाला पोषक आहे, हे उघड आहे.

हे मत सर्वमान्य झालेले नाही. चौथ्या अध्यायात पौल मजुरी आणि देणगी यांतील भेद सांगतो आणि देव अधर्म्यालाही नीतिमान ठरवितो असे म्हणतो. तेथे प्रश्न केवळ सुंतेपुरता राहत नाही, असे प्रतिपक्षाचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्य आहे. परंतु दोन्ही पक्षांच्या वादावरून एक गोष्ट सिद्ध होते : ‘अन्य’ कोण हे निश्चित झाल्यावाचून ‘केवळ’चा अर्थ निश्चित होत नाही, आणि ते निश्चित करणे हे व्याकरणाचे नव्हे, संपूर्ण पत्राच्या अर्थनिर्णयाचे कार्य आहे.

५

या चर्चेत क्रियापदाकडेही पाहणे अवश्य आहे. ल्यूथरच्या टीकाकारांनी ‘केवळ’वर बोट ठेवले, परंतु विश्वासाने मनुष्याचे नेमके काय होते, हा प्रश्न क्रियापदात दडलेला होता.

हिब्रू भाषेतील ‘हित्स्दीक’ हे रूप प्रयोजकाच्या साच्यातले असले तरी त्याचा अर्थ बहुधा न्यायालयीन आहे. अनुवाद २५:१ मध्ये न्यायाधीश निर्दोषाला निर्दोष ठरवितात आणि अपराध्याला अपराधी ठरवितात. नीतिसूत्रे १७:१५ मध्ये दुष्टाच्या बाबतीत हेच करणारा मनुष्य देवाला तिरस्करणीय वाटतो. दुष्टाला सुजन बनविणे हे तिरस्करणीय असणे शक्य नाही. तेव्हा तेथे ‘ठरविणे’ हाच अर्थ घ्यावा लागतो. ग्रीक ‘डिकाइऊन’ हे याच हिब्रू क्रियापदासाठी वापरले गेले. ग्रीक भाषेत या साच्याची क्रियापदे ‘तसे बनविणे’ असा अर्थ देतात. ‘तिफ्लून’ म्हणजे आंधळे करणे. परंतु ‘आक्सिऊन’ म्हणजे योग्य करणे नव्हे, योग्य लेखणे. ‘डिकाइऊन’ची सोयरीक याच्याशी आहे.

लॅटिनमध्ये मात्र ‘युस्टिफिकारे’ हा सामासिक शब्द आला. त्याच्या उत्तरपदात ‘करणे’ हा धातू उघडपणे ऐकू येतो. ऑगस्टीनने त्याचा अर्थ मुख्यतः ‘नीतिमान करणे’ असा घेतला आणि पश्चिमेकडील धर्मविचार त्याच वाटेने गेला. असे असता ग्रीक न जाणणाऱ्या ऑगस्टीनला लॅटिन शब्दाने फसविले, असा निकाल देण्याची घाई अनेकांनी केली आहे. तो निकाल दोन कारणांनी टिकत नाही. एक तर ऑगस्टीनला ग्रीकचा अगदीच गंध नव्हता असे म्हणता येत नाही; आणि इ. स. ४१२ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आत्मा आणि अक्षर’ या ग्रंथात त्याने ‘नीतिमान गणले जातील’ हा दुसरा अर्थही स्पष्टपणे नोंदविला आहे. देवाचे नाव पवित्र मानणे म्हणजे अपवित्र नावाला पवित्र करणे नव्हे, असा समांतर दाखलाही त्याने तेथे दिला. पर्याय त्याच्या दृष्टीस पडला होता. निवड त्याने जाणून केली. दुसरे कारण तत्त्वाचे आहे. जेम्स बार याने इ. स. १९६१ च्या ‘बायबलच्या भाषेचे अर्थविज्ञान’ या ग्रंथात शब्दाच्या व्युत्पत्तीतून सिद्धान्त काढण्याच्या पद्धतीवर जो आघात केला, त्यानंतर एका क्रियापदाच्या घडणीवरून संपूर्ण धर्मविचाराचा उगम सांगणे शास्त्रीय राहिलेले नाही. गंमत अशी, की ‘ठरविणे’ या पक्षाचा पुरस्कार करणाऱ्या परंपरेचा मूळपुरुष जो ल्यूथर, त्याच्या इ. स. १५४५ च्या बायबलात याच वचनात ‘नीतिमान होणे’ या अर्थाचे साधे जर्मन क्रियापद आहे.

मराठी बायबलात ‘नीतिमान ठरणे’ हा प्रयोग रूढ झाला आहे. निवडीच्या दृष्टीने तो चांगला आहे, कारण ‘दोषी ठरणे’, ‘निर्दोष ठरणे’ या न्यायालयीन प्रयोगांशी त्याचे नाते आहे. पण ‘ठरणे’ला दुसरीही छटा आहे. उमेदवार लायक ठरतो, उपाय निरुपयोगी ठरतो, तेव्हा आधीपासून असलेला गुण वा दोष केवळ उघड होतो. ही छटा मनात राहिली, आणि ‘विश्वासाने’मधील तृतीयेने विश्वास हाच तो गुण आहे असे सुचविले, तर पौलाचे म्हणणे उलटे होते : विश्वास हेच एक नवे सत्कर्म बनते, आणि ज्याच्यापाशी ते आहे तो आपल्या गुणावर उत्तीर्ण होतो. इ. स. १५३० च्या आउग्सबुर्ग येथील कबुलीजबाबात ‘ख्रिस्तामुळे’ आणि ‘विश्वासाच्या द्वारे’ अशी दोन पदे वेगळी ठेवली आहेत ती याचसाठी. मराठीची तृतीया हेतू आणि साधन दोन्ही एकाच प्रत्ययात सामावते; म्हणून मराठी वाचकाने हा भेद विवेचनाने राखावा लागतो.

६

‘अन्य’ कोण, हा प्रश्न केवळ आजच्या भाषाभ्यासकाचा आहे असे नाही. पुढील धर्मदस्तऐवजांनी तोच प्रश्न हाताळला. मेलांक्थॉनने इ. स. १५३१ च्या समर्थनग्रंथात खुलासा केला, की ‘केवळ’ या शब्दाने पुण्याईवरील भिस्त वगळली जाते. देवाचे वचन आणि संस्कारविधी वगळले जात नाहीत, आणि विश्वासामागून प्रीती व सत्कर्मे येतात हेही नाकारले जात नाही. ट्रेंटच्या धर्मसभेने १३ जानेवारी १५४७ रोजी संमत केलेल्या निर्णयातील नववा नियम ‘केवळ विश्वासाने’ या मताचा निषेध करतो. पण कोणत्या अर्थाचा, तेही सांगतो. मनुष्याच्या इच्छेच्या कोणत्याही सिद्धतेची वा सहकार्याची गरज नाही, असा अर्थ घेतल्यास ते मत निषिद्ध आहे. इ. स. १५७७ च्या ल्यूथरपंथीय ऐक्यसूत्रात तर ‘व्यवच्छेदक निपात’ अशी व्याकरणाची संज्ञाच योजिली आहे. तिन्ही ठिकाणी भांडण शब्दाच्या अस्तित्वाबद्दल राहिलेले नसून त्याच्या व्याप्तीबद्दल आहे. वाद संपला नाही; परंतु त्याची जागा अचूक दिसू लागली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथेच कॅथलिक मंडळी आणि जागतिक ल्यूथरपंथीय संघ यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या तेव्हा सोबतच्या परिशिष्टात ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द रोमकरांस ३:२८ च्या निर्देशासह आले. व्याप्ती आधी ठरविल्यावर त्या शब्दाचा स्वीकार शक्य झाला, असा याचा अर्थ होतो. मनुष्याच्या आंतरिक नवीकरणाविषयीचा मतभेद त्यामुळे सर्वस्वी मिटला असे मात्र म्हणता येणार नाही.

७

ल्यूथरच्या टीकाकारांचे लक्ष एका शब्दाने इतके वेधून घेतले, की दुसरी एक निवड बिनबोभाट निसटली. रोमकरांस ३:२२ मध्ये ग्रीकात ‘ख्रिस्ताचा विश्वास’ अशी षष्ठी आहे, आणि लॅटिननेही ती जशीच्या तशी ठेवली. ल्यूथरने ‘ख्रिस्तावरील विश्वास’ या अर्थाचे शब्दयोगी अव्यय घालून षष्ठीची संदिग्धता संपविली. मराठी भाषांतरही त्याच मार्गाने गेले आहे. त्या षष्ठीचा अर्थ ‘ख्रिस्ताची निष्ठा’ असा घ्यावा, हे मत रिचर्ड हेज याने इ. स. १९८३ मध्ये नव्याने मांडल्यापासून यावर मोठी चर्चा झाली आहे. तो अर्थ स्वीकारला तर मनुष्याला आधार देणारी गोष्ट मुळात त्याची स्वतःची राहत नाही, आणि विश्वास हेच कर्म बनण्याचा वर सांगितलेला धोका वेगळ्याच रीतीने टळतो. ‘केवळ’हून ही निवड अर्थाच्या दृष्टीने कमी मोलाची नव्हती, पण ती भाषेच्या स्वाभाविक रीतीत मिसळून गेल्यामुळे कोणाला खटकली नाही.

८

ल्यूथरच्या पत्राचे मूल्यमापन यावरून करता येते. सामान्य माणसाच्या बोलीचा त्याचा निकष भाषांतराला कायमचा वारसा म्हणून लाभला. मराठीत पंडिता रमाबाईंनी सामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या भाषेत केलेले बायबलचे भाषांतर, जे त्यांच्या निधनानंतर इ. स. १९२४ मध्ये समग्र छापून झाले, त्याच जातीच्या आस्थेतून निघाले. परंतु बाजारातला माणूस वाक्य कसे बोलावे हे सांगू शकतो. पौलाच्या वाक्यातून काय वगळावे हे तो सांगू शकत नाही. ल्यूथरने हे दोन प्रश्न एकाच शब्दाच्या पोटात घातले. त्याची थोरवी अशी, की त्याने दुसरे कारण लपविले नाही. आशयाने आपल्याला भाग पाडले हे त्याने स्वतःच सांगून टाकले. त्यामुळे त्याच्या भाषांतरावर मूळाच्या विपर्यासाचा आरोप टिकत नाही, आणि केवळ वाग्रीतीच्या सेवेचे प्रशस्तिपत्रही त्याला देता येत नाही. ते भाष्य होते, आणि भाष्य म्हणूनच त्याचा निवाडा व्हावयास हवा.

भाषाशास्त्र या वादात न्यायाधीशाच्या आसनावर बसू शकत नाही. मनुष्याचे देवाशी नाते कशाने सरळ होते हे निपातांच्या अभ्यासाने कळणार नाही. परंतु दोन पक्ष एकच शब्द उच्चारून दोन भिन्न गोष्टी वगळीत आहेत, हे दाखवून देण्याचे काम त्याचेच आहे. चार शतकांहून अधिक काळ चाललेल्या वादात तेवढे दाखविण्यालाही किती अवधी लागला, हे १५३० आणि १९९९ या दोन सालांमधील अंतर पाहिले म्हणजे कळून येते.